माल्ट्याचं प्रस्थान

माल्ट्याला जाऊन सिद्रामप्पाला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. विमानात बसायला मिळणार होतं. समुद्रात पाय बुडवायला मिळणार होते, आणि तेही घरी पाय धुवायला तांब्याभर पाणी मागताना बायकोच्या तोंडाकडं बघावं लागत होतं अशा उन्हाळ्यात. आठ दिवस कुणाचा अर्ज घ्यावा लागणार नव्हता. आणि परत आल्यावर जन्मभर कुठलंही बोलणं 'आम्ही माल्ट्याला होतो तेव्हा' असं सुरू करायचा हक्क मिळणार होता. हा हक्क फार मोठा. सभापतिपद पाच वर्षांनी जातं, हा मरेपर्यंत टिकतो.

साल शहाऐंशी. सिद्रामप्पा तांबोळवाडीच्या सहकारी उपसा सिंचन संस्थेचा चेअरमन. बोरी नदीचं पाणी उपसून माळावर न्यायचं, असं संस्थेच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पण बोरीत उपसायला पाणी उरलं नव्हतं, त्यामुळं चेअरमन आणि व्हाईस चेअरमन एकमेकांनाच उपसत होते. व्हाईस चेअरमन म्हणजे आबाराव. वेशीपासून पश्चिमेची सगळी रानं त्याची, आणि रोजगार हमीच्या खडीवर मुकादम त्याचा साडू. सिद्रामप्पानं 'हो' म्हटलं की आबाराव 'का?' म्हणायचा. आबारावनं 'का?' म्हटलं की सिद्रामप्पा सभा तहकूब करायचा. संस्थेचा कारभार असा सुरळीत चालला होता.

अशात पुण्याच्या एका पाइप कंपनीचा माणूस रंगीत पुस्तक घेऊन आला. जी संस्था एवढे एवढे पाइप घेईल, तिच्या दोघांना कंपनी परदेशी नेणार. अभ्यासाला.

"हे माल्टा," त्यानं पान उलटलं. "भूमध्य समुद्रातलं बेट. अख्ख्या बेटावर एक नदी नाही."

"मग त्यांच्यात आन् आमच्यात फरक काय?" आबाराव म्हणाला.

"त्यांच्या चारी बाजूंनी समुद्र आहे."

"आमच्या चारी बाजूनं माळ हाय. फरक कळला."

पुस्तकात पिवळ्या दगडाचे किल्ले होते, निळ्या पाण्यात उतरलेले. चारशे वर्षांपूर्वी तुर्कांनी चार महिने वेढा घातला तरी बेट पडलं नाही, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. कोपऱ्यात बसलेला म्हातारा संचालक रामकिसन चष्मा वर सारून बघत होता. तो म्हणाला, "किल्लाच बघायचा तर नळदुर्ग काय वाईट हाय? यस्टीनं अर्धा तास. आजवर घरच्या माणसाला दावला न्हाय कुणी, आन् तुर्काचा बघाया निघाले."

"नळदुर्गाला कोण बी जातंय," सिद्रामप्पा म्हणाला.

"आन् अभ्यास कंचा करायचा तिथं?"

"कमी पाण्यातली शेती," कंपनीचा माणूस म्हणाला. "मंगळवारी सकाळी."

"बाकीचे दिवस?"

त्यानं जरा घसा साफ केला. "बाकीचे दिवस अवलोकन."

त्या दिवसापासून तांबोळवाडीत सहलीला अवलोकन म्हणू लागले. पोरं शाळा बुडवून विहिरीवर गेली तरी आया विचारायच्या, "अवलोकन झालं का रे?"

आता पाइप घ्यायचे तर ठराव पाहिजे, आणि संचालक निम्मे इकडं, निम्मे तिकडं. आबारावच्या माणसांनी हात वर करायची किंमत सरळ होती. दुसरी जागा आबारावची. सिद्रामप्पाच्या जमेतली सगळ्यांत गोड रक्कम तिथंच वजा झाली. आबारावला गावात जळत ठेवून जायचं, हे त्यानं मनात फार वर लिहिलं होतं. पण माल्टा पाहिजे तर आबाराव पाहिजे. ठराव झाला. पाइप आले. नदीत पाणी नसल्यामुळं ते गोदामाच्या पत्र्याखाली रचून ठेवले, आणि मंडळी तयारीला लागली.

तयारीच्या बैठका झाल्या त्या संस्थेच्या कार्यालयात, पंखा लावून. कंपनीनं दोघांना एकच खोली दिली होती, त्यावरून पहिली बैठक उठली.

"खिडकीची खाट माझी," आबाराव म्हणाला. "मला वारं लागतंय."

"चेअरमन कोण हाय? खिडकी माझी."

"मग माझं तोंड तुमच्याकडं करून निजीन. पहाटं उठल्या उठल्या दर्शन घ्या."

"दाराकडं पाय करून निजा. बाहेर काढायला सोपं."

दुसरी बैठक जेवणावर. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं की तिकडं सशाचं कालवण आवडीनं खातात. सिद्रामप्पा लिंगायत, घरात अंडंसुद्धा यायचं नाही. त्याचा चेहरा पडला, तसा आबारावचा खुलला.

"ससा! मग तर जायलाच पायजे. तुमी काय खानार, अप्पा? सशाचं गवत?"

"चन्नम्मा धपाटे देणार हाय. शेंगाचटणी देणार हाय. तुमच्या घरनं काय येतंय?"

"आमी मोकळे हात हलवत जानार. पावण्याच्या घरी डबा नेतंय का कोण?"

चन्नम्मा म्हणजे सिद्रामप्पाची बायको. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं रागावली की कानडीत रागवायची आणि शहाणपण मराठीत सांगायची. तिला माल्ट्याचं कौतुक नव्हतं, भीती होती. निघायचा दिवस शुक्रवार. रात्री सोलापुरात रेल्वे, दुसऱ्या दिवशी मुंबईत विमान. तिनं जंगमस्वामींना पंचांग उघडायला लावलं. स्वामींनी बोट ठेवलं: शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. आणि माल्टा कुठं? पश्चिमेला.

"मग प्रस्थान ठेवा," स्वामी म्हणाले.

ही जुनी रीत. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं काही वेशीबाहेर, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला, असं धरायचं. मग वाईट दिवशी फक्त जाताजाता ते उचलायचं. मात्र ज्याच्या घरी ठेवलं, त्यानं आपल्या मनानं, 'नीट जा, नीट या' म्हणून हातात द्यायला हवं. आपल्या हातानं काढून घेतलेलं प्रस्थान हे न ठेवल्याहून वाईट.

लोक बोचक्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ बांधतात आणि मोकळे होतात. चन्नम्मा तशी मोकळी होणारी नव्हती.

"माझ्या भावानं नुस्ती सुपारी ठेवली होती. हुबळीला जाऊन हात मोडून आला. ज्याच्यावर प्रवास व्हतो, तेच ठेवायचं."

तेव्हा बोचक्यात सोलापूरला शिवलेला कोट गेला, तिकीट गेलं, आणि पासपोर्ट गेला.

राहिलं ठेवायचं कुठं. वेशीबाहेर पश्चिमेला दोनच ठिकाणं. एक आबारावचा गोठा. त्याच्यापलीकडं भीमनगर.

"आबारावच्या गोठ्यात ठेवण्यापेक्षा नदीत टाकीन," सिद्रामप्पा म्हणाला.

"नदीत पाणी न्हाय," चन्नम्मा म्हणाली.

मग भीमनगर. तिथलं पहिलं घर बनाबाईचं, लिंबाखाली. बनाबाई विधवा, सुगीत सिद्रामप्पाच्याच रानात खुरपायला यायची, रान वाळल्यापासून खडीवर दगड फोडत होती. सिद्रामप्पानं मनाशी विचार केला तो असा, की आबाराव बरोबरीचा आहे, तो बोचक्याचं काहीतरी करेल. बनाबाई आपल्या रानातली आहे, ती काय करणार? सावकारानं आणि पुढाऱ्यानं कायम करायची अशी जी एक चूक असते, ती हीच. ज्याला आपल्याकडून काही पाहिजे आहे, तो आपल्याला धरून राहील असं ते समजतात. तो धरतोच. फक्त कुठं धरतो, तेवढं बघायचं राहून जातं.

बनाबाईला नळ पाहिजे होता. सरकारी टँकर यायचा, तो वेशीच्या आत संस्थेच्या टाकीत रिकामा व्हायचा. टाकीच्या तोटीवर आधी गावातल्या बायका, मग वेशीबाहेरच्या. भीमनगरच्या बायकांची पाळी येईतो तोटीतून पाण्याऐवजी वारं यायचं. टाकीपासून लिंबापर्यंत पाइप टाका, एवढाच तिचा अर्ज. दर सभेत तो पुढच्या सभेत जायचा. पाइप न्हायत, असं सांगायचे. आता ते गोदामात छपराला लागले होते आणि ती रोज हंडा घेऊन त्यांच्या शेजारून जात होती.

सोमवारी सकाळी सिद्रामप्पा बोचकं घेऊन भीमनगरात आला. मागं चन्नम्मा, हळदीकुंकवाचं ताट घेऊन. जंगमस्वामी वेशीतच थांबले आणि तिथूनच मंत्र म्हणू लागले. वाऱ्याची दिशा बरी होती म्हणून पोचत होते.

बनाबाईनं बोचकं घेतलं आणि आत जाऊन आढ्याला बांधलं. मग तांब्या आणला. प्रस्थान ठेवणाऱ्यानं त्या घरचं पाणी प्यायचं, हाही रीतीतलाच भाग.

"उपास हाय," सिद्रामप्पा म्हणाला.

"पान्याचा बी?"

"पाण्याचा बी."

"बरं." तिनं तांब्या दारात ठेवला. आदल्या दिवशी ते पाणी मिळवायला तिला तोटीखाली अर्धी दुपार बसावं लागलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "सुक्कीरवारी बोचकं न्याया येताल तवर आमच्या नळाचं करा, मालक."

"बघू की."

"बघू न्हाय. पाइप पडल्यात. टाकी हाय. आमची पोरं चर खनत्यात, तुमी मजूर बी देऊ नका. नळ आला की बोचकं खाली. नळ न्हाय, तर ते बी आढ्यालाच."

सिद्रामप्पाला आधी ती थट्टा वाटली. त्यानं चन्नम्माकडं बघितलं. चन्नम्मा आढ्याकडं बघत होती.

"आगं ए, त्यात माझा पासपोर्ट हाय!"

"असंल."

"सरकारी चीज हाय ती! फौजदार आणून काढीन."

"आना की. फौजदार काढंल, म्या न्हाय म्हननार न्हाय. पर फौजदाराच्या हातनं प्रस्थान घिऊन विमानात बसायचं का, ते अक्काला इचारा."

"तुमी तर बौद्ध झालात! तुझा ह्याच्यावर इस्वास तरी हाय का?"

"माझा न्हाय," बनाबाई म्हणाली. "तुमचा हाय की."

घरी येईपर्यंत सिद्रामप्पा बोलला नाही. घरी आल्यावर इतका बोलला की शेजारच्या गल्लीत बायका भांडी घासायची थांबल्या. हिला रानात पाऊल टाकू देणार न्हाय. हिच्या वस्तीला टँकरचा थेंब देणार न्हाय. आज हिला नळ दिला, तर उद्या प्रत्येक जण माझं काही ना काही आढ्याला बांधून बसंल! आत्ताच्या आत्ता चार माणसं घेऊन जातो आणि बोचकं आणतो.

"आणा," चन्नम्मा म्हणाली. "ते हिसकून आणलेलं बोचकं काखंत मारून निघायच्या आधी मला सांगा. मी कुंकू पुसूनच बसते. उगं तार येईस्तोवर कशाला थांबायचं?"

मंगळवार गेला. बुधवारी सिद्रामप्पानं रामकिसनला मध्यस्थीला पाठवलं: आधी बोचकं द्या, माल्ट्याहून आल्यावर नळ, चेअरमनचा शब्द. बनाबाई म्हणाली, "चेअरमनचा सबूद म्या तीन सालं वापरतीय, बाबा. अजून कोरा हाय." रामकिसन म्हातारा हसत परत आला आणि गावभर सांगत सुटला, म्हणजे मध्यस्थी करून त्याचा तरी फायदा झाला.

त्याच संध्याकाळी आबारावची राजदूत फटफटी लिंबाखाली थांबली. गाडीवरून न उतरताच तो बोलला.

"बनाबाई, नळ पायजे व्हय?"

"पायजे."

"म्या देतो. उद्याच. गोदामाची दुसरी किल्ली माझ्याकडं हाय. पर बोचकं सुक्कीरवारी द्यायचं न्हाय. सनीवारी विमान उडालं, की खुशाल द्या."

त्याचा हिशेब स्वच्छ होता. खिडकीची खाटही त्याची, दाराचीही त्याची. मुंबईत कंपनीच्या लोकांना सांगायचं, चेअरमन विमानाला भ्याले. आणि भीमनगरची मतं वर.

बनाबाईनं लिंबापासून टाकीपर्यंत एकदा नजर टाकली. मग म्हणाली, "आदी नळ."

"आधी नळ. ठरलं मग?"

"आदी नळ येऊ द्या," ती पुन्हा म्हणाली.

आबारावनं त्याला होकार धरलं. सही नाही, अंगठा नाही, शपथ नाही. सहकारात अर्धा जन्म काढलेल्या माणसानं असं धरावं, म्हणजे माल्टा डोक्यात किती भिनला होता बघा.

गुरुवारी उजाडताच गोदाम उघडलं. भीमनगरच्या तरण्या पोरांनी चर खणला, बायकांनी माती ओढली, आबारावच्या माणसांनी पाइप जोडले. सिद्रामप्पा कार्यालयाच्या ओट्यावर उभा राहून सगळं बघत होता. संस्थेचे पाइप ठरावाविना चालले होते. त्यानं नुसतं 'थांबा' म्हटलं असतं, तर काम थांबलं असतं. पण काम थांबलं की बोचकंही आढ्याला. त्यात नळ आबारावच्या हातानं लागतोय म्हणजे आपण वाकलो नाही, असंही त्याला आतून गोड वाटत होतं. आबारावनं बोचकं अडवून धरायची बोली केलीय, हे त्याला ठाऊक नव्हतं. दिवस कलताना लिंबाखाली तोटी बसली. आबारावनं सगळ्यांसमोर नारळ फोडला, आणि "हे काम आबारावनं केलं" हे वाक्य स्वतःच तीन-चारदा म्हणून घेतलं. तोटी फिरवली. आधी फुसकन वारा आला, मग गढूळ, मग चांगली धार लागली. पोरं ओरडली. बनाबाईनं पहिली ओंजळ स्वतः प्यायली, आणि हंड्याला रांग लागली तशी बाजूला झाली.

शुक्रवारी दुपारी सगळा गाव भीमनगरात. हलगी होती. ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांना निदान तमाशा मिळत होता. सिद्रामप्पा नव्या धोतरात, चन्नम्मा निरांजन घेऊन, आबाराव राजदूतवर कडेला, एक पाय जमिनीवर टेकून. त्याच्या खांद्याला पिशवी, आणि तोंडावर असं हसू की जणू त्याला आत्ताच ससा वाढलाय.

बनाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बोचकं होतं.

"बनाबाई!" आबाराव ओरडला.

"काय वो?"

"आपलं काय ठरलं व्हतं?"

हलगी थांबली.

"आपलं कुठं? तुमचं ठरलं व्हतं. विमान उडूस्तोवर बोचकं धरून ठिव, असं तुमी म्हनला. म्या 'आदी नळ' म्हनलं. नळ आला. आता परक्याचं सामान घरात ठिवून चोरीचा आळ म्या का घिऊ?"

सिद्रामप्पानं मान वळवून आबारावकडं बघितलं. आबारावनं गाडीच्या आरशात बघितलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "झालं अवलोकन," आणि सगळे हसले. दोघं सोडून.

इथवर बनाबाईचा जमाखर्च चोख होता. इथं थांबली असती तर कदाचित चोखच राहिला असता. पण ती तोटीपाशी गेली, तांब्या भरला, आणि बोचक्याआधी तो पुढं केला.

"सोमवारचं पानी ऱ्हायलंय तुमचं, मालक. रीत पुरी करा. आन् आता माझ्या घरचं बी न्हाय, तुमच्याच टाकीतलं हाय."

चन्नम्मा हळूच म्हणाली, "घ्या."

"आज बी उपास हाय का?" बनाबाईनं विचारलं.

सिद्रामप्पानं तांब्या घेतला. सगळा गाव बघत होता. जंगमस्वामी वेशीतून बघत होते. तो प्यायला. हनुवटीवरून पाणी नव्या धोतरावर गळलं. मग तिनं बोचकं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नीट जा, नीट या." ती ते मनापासूनच म्हणाली. तिचं काम झालं होतं, आणि कुणाचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं.

सिद्रामप्पा आणि आबाराव एकाच एस्टीनं गेले. एक पुढच्या दाराशी बसला, एक मागच्या.

माल्ट्यात काय झालं ते गावाला दोघांच्या तोंडून कळलं, आणि दोघांचं पहिल्यांदाच एकसारखं आलं. पहिले दोन दिवस खोलीत एक शब्द नाही. खिडकी सिद्रामप्पाची, वारा आबारावचा. आबारावनं पहिल्या रात्री ससा मागवला. आला तो लाल रश्शात, पण तिखटाचा पत्ता नाही, वर दारूचा वास. दुसऱ्या दिवशी मासा, तोही तसलाच. तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, अभ्यास झाला. एका माणसानं घराखालचं दगडात कोरलेलं टाकं दाखवलं. छपरावरचा पाऊस त्यात साठवतात. दोघांनी माना हलवल्या. तिथून आल्यावर आबाराव खाटेवर पोट धरून पडला. सिद्रामप्पा धपाट्याचा डबा उघडून खात होता. शेंगाचटणीचा वास खोलीभर झाला.

"अप्पा," आबाराव भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "किती हायत अजून?"

सिद्रामप्पानं खायचं थांबवलं. मग डबा मधल्या टेबलावर सरकवला.

त्यानंतर दोघं रोज समुद्रावरच्या त्या पिवळ्या किल्ल्याच्या तटावर बसून एका डब्यात खायचे. खाताना बोलणं निघणारच. दोघांनाही एकच गोष्ट बोलायची होती, आणि ती दुसऱ्या कुणाजवळ बोलता येण्यासारखी नव्हती.

"तुमाला पाणी पाजलं तिनं," आबाराव म्हणाला.

"तुमच्याकडनं नळ घेतला आन् तुम्हाला टांगलं."

"सगळ्या गावासमोर."

"सगळ्या गावासमोर."

बनाबाईनं एकच रक्कम चुकीची धरली होती. या दोघांचं वैर कायम राहील, एकानं दार लावलं तर दुसरं उघडं असेल, असं तिनं धरलं होतं. गावात पिढ्यान्पिढ्या ते खरंच होतं. ते वैर मोडायला धपाटे लागले, आणि एक समुद्र.

दोघं परत आले ते एकाच जीपमधून. नळ काढायची सोय नव्हती. आबारावनं त्यावर स्वतः नारळ फोडला होता, आणि मतं यायची होती. पुढच्या सभेत सिद्रामप्पानं मागच्या तारखेचा ठराव घालून पाइप रीतसर केले. आबारावनं अनुमोदन दिलं. त्यानं 'का?' विचारलं नाही, म्हणून रामकिसननं चष्मा पुसून दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी बनाबाई खडीवर गेली तर हजेरीत तिचं नाव नव्हतं.

"चुकून राहिलं असंल," ती म्हणाली.

"चुकून न्हाय," आबारावचा साडू मुकादम म्हणाला.

पाऊस जेमतेम पडला आणि सिद्रामप्पाच्या रानात खुरपणी निघाली. वस्तीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं आलं. बनाबाई त्यांच्याबरोबर गेली, तर बांधावर सिद्रामप्पा उभा.

"बनाबाई, तुझा उपास न्हाय का आज?"

"न्हाय, मालक."

"धर मग."

बायका दोन घटका बांधावर थांबल्या. मग एकेक करून सरीत उतरल्या. त्यांनाही घरं होती. संध्याकाळी त्यांनीच तिला भाकऱ्या आणून दिल्या, आणि तिनं त्या घेतल्या, पण रोज कोण घेईल?

तिची बहीण भिमाबाई तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर होती. पोळ्याच्या आधी बनाबाईनं दाराला कडी घातली आणि येरमाळ्याच्या एस्टीत बसली. तिथून गाडी बदलून पुढं. फटाक्यात दारू भरून तिची बोटं रुपेरी झाली, आणि ती धुतली तरी रुपेरीच राहतात, असं पुढं कुणीतरी बघून येऊन सांगितलं.

तर आता कुणी काय भरलं ते. सहलीचा खर्च कंपनीनं केला, असं पुस्तकात होतं. कंपनीनं तो पाइपांच्या किमतीत घातला होता, आणि पाइप सभासदांच्या नावावर चढले होते, म्हणजे तो बोरीकाठच्या कोरड्या रानांनी भरला. उरलेले पाइप अजून पत्र्याखाली आहेत. चन्नम्मानं धपाटे भरले. सिद्रामप्पानं एक तांब्या पाणी पिऊन माल्टा मिळवला, आणि आबारावनं पोटाचं दुखणं काढून. आता दोघं एकमेकांच्या घरी जेवतात. 'आम्ही माल्ट्याला होतो तेव्हा' असं एक म्हणतो आणि वाक्य दुसरा पुरं करतो. भीमनगरला नळ मिळाला. लिंबाखाली अजून धार लागते, आणि त्या धारेचा एक पैसाही वस्तीला पडला नाही.

तो बनाबाईनं भरला. त्या नळाचं तिनं प्यायलं ते दोन-अडीच महिनेच. तेरखेड्यालाही त्या साली टँकरच होता, आणि तिथल्या रांगेत ती नवी, म्हणून शेवटची.